माझ्या सिस्टिमला आवाज नव्हता

“आता ऑपरेटिंग सिस्टिम नावाची भानगडच राहत नाही, भाऊ,” माझा मामेभाऊ सांगत होता. “माणसानं फक्त बोलाचं. मशीन आयकते अन् करून टाकते. बटन नाही, फाईल नाही, काही शिकाचं कामच नाही.”

हे तो माझ्या मायच्या खाटेशी उभा राहून सांगत होता. मायची वाचा जाऊन तेव्हा दुसरा पावसाळा लागला होता. ‘फक्त बोलाचं’ हे शब्द कानावर पडले तशी तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला आमच्या भागात एक नेमका शब्द आहे, पण तो छापायच्या लायकीचा नाही. मामेभाऊ हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे, काचेच्या इमारतीत बसतो, आणि त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मला त्याचाच जास्त वीट आला. मनात वाईट असलेल्या माणसाला निदान शिवी तरी देता येते.

मी मंडल ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. दिवसभर पहाणीच्या, म्हणजे नदीपलीकडच्या सातबाऱ्याच्या, नकला आणि दाखले काढतो. स्क्रीन तेलुगूत, समोरचा शेतकरी मराठीत, साहेब हिंदीत, आणि सर्व्हर कोणत्याच भाषेत उत्तर देत नाही. संध्याकाळी पेनगंगेच्या अलीकडच्या आमच्या गावी येतो, चहा पितो आणि माझ्या शौकाला बसतो. कोणाला पत्त्यांचा शौक असतो, कोणाला भजनाचा. मला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा शौक आहे. मशीन चालू केलं की सगळ्यांच्या आधी जी उठते, मग बाकीच्यांना उठवते आणि कामाला लावते, घरातल्या थोरल्या सुनेसारखी, ती ऑपरेटिंग सिस्टिम. बड्या कंपन्यांच्या तयार मिळतात. मग आपली कशाला बनवायची, हे मला गावातल्या प्रत्येक माणसानं विचारून झालं आहे. बाजारात वांगी मिळतात तरी तू परसात चार झाडं लावतोसच ना, असं मी आधी सांगायचो. नंतर सांगायचं सोडून दिलं.

माझ्यासारखे रिकामटेकडे जगभर होते. एका साईटवर आम्ही जमायचो, बहुतेक म्हातारे, आपापल्या देशात आपापल्या बायकांची बोलणी खाणारे. कोणाच्या सिस्टिमवर पहिल्यांदा माउसचा बाण हलला की बाकीचे तिकडून शाबासकी द्यायचे. मी माझ्या सिस्टिमवर मराठी अक्षरं आणली, आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका भरून काढलेली, तेव्हा ज्यांनी मराठीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनीही पाठ थोपटली. एकट्या ‘क्ष’नं माझा घाम काढला होता.

अलीकडे तिथे नवी मंडळी यायला लागली. दुपारी एखाद्या हुशार मशीनकडून ढीगभर ओळी लिहून घ्यायच्या आणि चहाच्या वेळेला ‘माझी सिस्टिम’ म्हणून मांडायच्या. एखादी ओळ काय करते म्हणून विचारलं तर तेही परत मशीनलाच विचारून सांगायचे. दुसऱ्याच्या घरून डबा आणायचा आणि स्वयंपाक मी केला म्हणायचं, आणि वर मीठ कमी का पडलं ते डबेवालीला विचारायचं, अशातली गत. हळूहळू म्हातारे गप्प झाले. एक दिवस साईट उघडली तर तिथे चपलांची जाहिरात होती. साईट चालवणारा मेला की कंटाळला, हेही आम्हाला कळलं नाही. मला कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही, आणि हे दुःख गावात सांगायचं तरी कोणाला.

असो. माय.

माझी माय निंदणाच्या बायांची मुकादमीण होती. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे कापसाचं रान. तिची जीभ आख्ख्या गावाला ठाऊक होती. ती बांधावरून ओरडली की पलीकडच्या शिवारातले बैल थांबतात, असं लोक म्हणत, आणि त्यात फार काही वाढवून सांगितलेलं नव्हतं. तिची मायाही शिव्यांतूनच यायची. मला ताप आला तर कपाळावर हात ठेवून म्हणायची, “मुडद्या, सांगाले काय झाल्तं तुले?” आम्ही भावंडं त्यावरच वाढलो.

ऐन वेचणीत ती कापसाच्या ओळीत खाली बसली ती उठलीच नाही. आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, डोकं शाबूत आहे, सगळं कळतं, वाचता येतं, पण जीभ आणि उजवी बाजू गेली. मी म्हटलं, साहेब, बाकी काही जाऊ द्या, तिची जीभ तेवढी पाहा. डॉक्टर हसला. त्याला ती थट्टा वाटली.

लोक मुक्याला बहिरं समजतात, आणि वेडंही. भेटायला येणारी माणसं तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, “वळखलं का वं मले?” जिनं त्यांच्या घरादाराची उणीदुणी तोंडपाठ केलेली होती तिला हे विचारायचं. न विचारता तोंडात केळं कोंबायचं. लाळ आली की तिच्याच पदरानं पुसायची आणि ओला पदर तसाच तिच्या अंगावर टाकून द्यायचा. मग तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलणं सुरू, “बरं झालं बापा, आता शांत झाली म्हातारी.” शांत म्हणे. तो शब्द ऐकला की मला शिसारी यायची. माणूस आतून ठणठणीत जागं आहे आणि तुम्ही त्याच्या तोंडासमोर त्याची तेरवी जेवून राहिलेत.

तेव्हा माझ्या शौकाला पहिल्यांदा काम मिळालं.

माझ्याकडे एक जुनं डबडं होतं. त्यावर माझी सिस्टिम चढवली आणि तिला एकच काम दिलं. बटण दाबलं की लगेच पांढऱ्या पडद्यावर मोठीमोठी काळी अक्षरं यायची, दुसरं काहीच नाही. अक्षरांच्या ओळींवरून एक चौकट हळूहळू खाली सरकायची. हव्या त्या ओळीवर आली की माय बटण दाबणार, मग चौकट त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकणार, आणि हव्या त्या अक्षरावर आली की परत बटण. हे बटण म्हणजे दारावरच्या घंटीचं, माउस उघडून त्याच्या आत तारा जोडून बसवलेलं. डाव्या अंगठ्याखाली ठेवलं की झालं.

आवाज मात्र मला आणता आला नाही. साउंड कार्डाशी मी डोकं फोडफोड फोडलं. ते एकदा घुर्र करायचं आणि सगळं मशीन अडकून पडायचं. शेवटी नाद सोडला. माझ्या सिस्टिमला आवाज नव्हता, म्हणून समोर जो बसला असेल त्यानं मोठ्यानं वाचायचं, असा आमच्या घरात नियमच पडून गेला.

सोयीसाठी सगळ्यांत वर मी तयार शब्दांची एक ओळ ठेवली होती. पाणी, जेवण, दुखते, संडास, धन्यवाद. परदेशातल्या अशा मशीनचे फोटो पाहून मी ते शब्द निवडले होते. माय चौकटीकडे पाहत राहायची, पण अंगठा हलवायची नाही. माझी बायको म्हणाली, “त्याहिले जमत नसन. जाऊ द्या ना.” मलाही वाटलं, वाया गेलं. मग एका सकाळी अंगठा हलला. तयार ओळ तिनं सोडून दिली आणि खाली अक्षरांत शिरली. बायको चहाचा कप हातात धरून एकेक अक्षर वाचत गेली आणि वाचून झाल्यावर खदखदून हसली. मायनं लिहिलं होतं, ‘हे धन्यवाद कोन ठेवलं रे’.

खरंच होतं. आमच्या घरात कोणी कोणाला जन्मात धन्यवाद म्हटलेलं नाही. नवऱ्यानं बायकोला नाही आणि पोरानं मायला नाही. पाणी दिलं की माणूस पाणी पितो आणि तांब्या खाली ठेवतो. धन्यवाद म्हणतो तो परका. मी माझ्या मायच्या तोंडात परक्याची भाषा भरली होती आणि वरून तिला बोल म्हणत होतो. ती ओळ मी पुसून टाकली. नवी ओळ तिनं स्वतः लिहून दिली. पानी आन, काऊन म्हणजे का, चूप, मुडद्या, आणि बयताड म्हणजे बावळट. एवढ्यात तिचं बरंचसं काम भागायचं.

त्यानंतर घरात परत जीव आला. शेजारीण येऊन बसली की माय लिहायची आणि शेजारणीलाच वाचावं लागायचं. “सु… नेले… का… ऊन… छळतं… वं.” पुरतं वाचून झाल्यावर तिच्या ध्यानात यायचं की आपण काय वाचलं. तिचं येणं-जाणं कमी झालं. मला मंडल ऑफिसातून यायला उशीर झाला की पडद्यावर माझ्यासाठी ‘मुडद्या’ तयार असायचा. मी तो मोठ्यानं वाचायचो, तेव्हाच ती जेवायची.

मग एका दुपारी गावाचं व्होल्टेज चढलं आणि डबड्यातून जळका वास आला. उघडून पाहिलं तर आतला बोर्ड गेला होता. माय पुन्हा गप्प झाली. त्याच आठवड्यात मामा आला.

मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, भैंशा गावाकडचा. माझी आजी, या दोघांची आई, काही वर्षांपूर्वी त्याच्याच घरी वारली. शेवटचे महिने ती गोठ्यालगतच्या खोलीत पडून होती, पाठीला जखमा होऊन त्यात किडे पडले होते, हे मायला एका मजूर बाईकडून कळलं. माय जायला निघणार तेवढ्यात म्हातारी गेली. मामानं निरोप धाडला तो माती झाल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा लोक आंघोळी करून जेवायला बसले होते. बहीण वेळेवर आली तर चारचौघांत विचारील की मायले गोठ्यात काऊन टाकलं, ती पाठ सगळ्यांना दाखवील, हे मामाला माहीत होतं. म्हणून त्यानं तिला मेल्या आईचं तोंडही पाहू दिलं नाही. त्या दिवसापासून मायनं त्या घरचं पाणी घेतलं नाही. नंतर मामा समजूत काढायला आला तेव्हा तिनं त्याला वेशीपर्यंत शिव्या घालत पोचवलं होतं.

आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांकडच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, मुलीची आत्या कुठी आहे? आमच्याकडे मांडवात आत्याचा मान असतो. ती नसली की लोक कारण उकरतात, आणि या घरात उकरलं की काय निघेल ते मामाला ठाऊक होतं. त्या शिव्यांनंतर बहीण बोलत होती तोवर तो पुन्हा फिरकला नाही. बोलणं गेलं तशी त्याला बहीण आठवली.

तो आला तो पेढे, पत्रिका आणि मुलगा घेऊन. मुलानं आत्यासाठी टॅब्लेट आणला होता, आणि तेव्हाच त्यानं ते भविष्य आम्हाला ऐकवलं, सिस्टिम राहणार नाही आणि माणसानं फक्त बोलायचं.

“अक्का, झालं गेलं इसरून जा,” मामा खाटेच्या काठावर बसून म्हणाला. “तू नुसती मांडवात बस. तुले काही कराचं नाही, काही बोलाचं नाही.” असं म्हणून त्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. ती तोंड बाजूला करायला पाहत होती, पण मान उजवीकडे वळत नाही तिची. मामाचा हात गालावरच राहिला. मला तो हात उचलून बाहेर फेकून द्यावासा वाटला.

मामेभावानं टॅब्लेट उघडला. उघडल्या उघडल्या त्यातून एक पुणेरी बाई गोड आवाजात म्हणाली, “नमस्कार, आज आपण कशा आहात?” मग खातं उघडा, फोन नंबर द्या, ओटीपी द्या, अटी मान्य करा. मामेभाऊ मायच्या नावानं भराभर सगळं मान्य करत सुटला. मायचा अंगठा उचलून त्यानं काचेवर ठेवला, ठसा घेतला आणि परत गादीवर ठेवून दिला. मध्येच केस गळू नयेत म्हणून तेलाची जाहिरात आली. मायच्या डोक्यावर आता मुठीत मावतील एवढे केस आहेत.

मायनं काचेवर ‘मुडद्या’ लिहायला घेतलं. मला अंदाज आला तो शब्द कोणासाठी होता. टॅब्लेटनं दुसराच सभ्य शब्द सुचवला. तिनं हट्टानं पुरा लिहिला तर खाली सूचना आली की हा शब्द इतरांना दुखावू शकतो, आणि पुणेरी बाईनं तो उच्चारलाच नाही. दुखावण्यासाठीच तर लिहिला होता.

“लिवाची गरजच नाही, आत्या,” मामेभाऊ म्हणाला. “हे समोरच्याचं आयकते अन् उत्तर स्वतःच तयार करून देते. तुमी फक्त बोट लावा.”

“येशीन ना वं अक्का लग्नाले?” मामानं टॅब्लेटकडे तोंड करून विचारलं.

पडद्यावर उत्तरं उमटली. ‘हो, नक्की येईन.’ ‘खूप आनंद झाला.’ ‘तारीख कळवाल का?’ त्यांत ‘नाही’ नव्हतंच. ज्यांनी हे बनवलं त्यांना एखाद्या बाईला भावाच्या घरी जायचं नसेल असं वाटलंच नसावं. माय टॅब्लेट ढकलायला गेली. तिचा हात थरथरतो. अंगठा काचेला घासला आणि पुणेरी बाई आनंदानं म्हणाली, “हो, नक्की येईन.”

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मामेभाऊ व्हिडिओ काढतच होता. ते दोघं आमच्या अंगणाबाहेर पडायच्या आत तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडायला लागला.

“मामा, ते तिचं बोलनं नाही होय,” मी गाडीपर्यंत मागे जाऊन म्हटलं.

“मंग कोनाचं होय?” तो म्हणाला. “आवाज तं आला ना.”

ते गेल्यावर माय थुंकली. तिला धड थुंकता येत नाही, सगळं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मी पुसायला गेलो तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कोपऱ्यातल्या जळक्या डबड्याकडे पाहत राहिली. बायको दारातून म्हणाली, “नेऊ ना त्याहिले. घटकाभर बसतीन मांडवात. मान्सात मान्सं राहतीन.” मग तिनं मायकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचं सोडून पाणी आणायला गेली.

मी आधी त्या टॅब्लेटवरच माझी सिस्टिम चढवायला बसलो. आत शिरायला जागाच नाही. कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय तो काही चालूच करत नाही, आणि कंपनीच्या लेखी मी चोर. माझ्या नव्या लॅपटॉपवर सहीची तपासणी बंद करता येते, पण माझी सिस्टिम ज्या जुन्या पद्धतीनं जागी होते ती पद्धतच नव्या मशीनांतून काढून टाकली आहे. नव्या पद्धतीनं लिहायला कितीतरी महिने लागले असते आणि लग्न तोंडावर आलेलं. पैसे माझे, टेबल माझं, वीज माझी, आणि चालू झाल्यावर त्यात कोणी बोलायचं हे मात्र दूरचा कोणीतरी ठरवणार. मामेभावाचं ते भविष्य, तो टॅब्लेट, माझ्या मांडीवर गरम होत बसलं होतं. मला त्याला हात लावायचीही किळस आली.

म्हणून जुनं मशीन शोधत निघालो. ऑफिसात कोपऱ्यात तीन पडलेली होती, पण साहेब म्हणाले, “कंडम माल का पंचनामा होना है, हात मत लगाओ.” पंचनामा मी नोकरीला लागलो तेव्हापासून व्हायचा आहे. आदिलाबादच्या भंगारवाल्याकडे गेलो तर त्यानं बोर्ड फोडून पोत्यात भरलेले. शेवटी भैंशाला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वजनकाट्यावर एक सापडलं. चौकीदार म्हणाला, “ले जाओ, कचरा है.”

कचराच होता. घरी अंगणात उघडलं तर आत रुईचे गच्च गोळे, उंदराच्या लेंड्या, कोण्या शौकिनानं फटीतून आत टाकलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या, आणि पंख्याच्या पात्यात एक पाल अडकून वाळलेली. तिचं कातडं चिमट्यानं सुटेना. मी नाकाला रुमाल बांधून रंगाच्या ब्रशनं ते सगळं खरवडत बसलो. उबळ येत होती, तरी सांगतो, त्या पुणेरी बाईच्या ‘नक्की येईन’नं जेवढी आली तेवढी नाही आली. पुसून झाल्यावर माझी सिस्टिम असलेला पेनड्राईव्ह लावला आणि बटण दाबलं. कोणी नमस्कार केला नाही, कोणी नंबर मागितला नाही. अक्षरं आली. खाटेजवळ स्टुलावर ते ठेवलं, मायच्या अंगठ्याखाली घंटीचं बटण दिलं आणि मी तिला काही विचारलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळीच मामा गाडी घेऊन आला. सोबत मामेभाऊ होता, आणि व्याह्यांकडचे दोन म्हातारे, आत्या खरंच येते का हे पाहायला. मामाच्या हातात जरीचं लुगडं होतं.

“चाल अक्का, तयार व्हय.”

माय हलली नाही. अंगठा दबला आणि चौकट ओळींवरून खाली निघाली.

“हे काय अजून?” मामानं मला विचारलं.

“बोलून राह्यली,” मी म्हटलं. “आवाज नाही त्याले. समोरच्याले वाचा लागते. तुमी समोर हा, तुमीच वाचा.”

व्याह्यांकडचे म्हातारे कौतुकानं पुढे सरकले. “वाचा ना बापा,” त्यांतला एक म्हणाला. “आमाले इतक्या दुरून दिसत नाही. आत्याचा आशीर्वाद हाय, आयकू तं द्या.”

मामानं चष्मा लावला. पहिलं अक्षर उमटलं. “मा,” त्यानं वाचलं. मग “माय.” चौकट परत वरून खाली आली. “मायचं.” मामा म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाला, “पाहा, मायची आठवन काढून राह्यली. लय जीव होता तिचा मायवर.” म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

पुढचं अक्षर ‘तों’. मग ‘ड’. मामानं वाचलं नाही. चौकट त्याच चालीनं फिरत राहिली, तिला घाई करता येत नाही. मायची नजर पडद्यावरून ढळत नव्हती, कपाळावर घाम आला होता. बायको दारात उभी होती. एकेक अक्षर पडत गेलं आणि मग चौकट थांबली.

“काय लिवलं?” म्हातारा म्हणाला. “बंद काऊन पडले? वाचा ना सगळं एकदम.”

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बोट केलं. दोन्ही म्हातारे थांबले होते. मामानं लुगडं या हातातून त्या हातात घेतलं आणि खाली आवाजात वाचलं, “मायचं तोंड दाखव, मंग येतो.”

“कोनाचं तोंड?” मामेभाऊ म्हणाला. आजी गेली तेव्हा तो हैदराबादला शिकत होता. आजी झोपेत गेली आणि आत्या उशिरा आली, एवढंच त्याला घरच्यांनी सांगितलं होतं. “बाबा, म्हंजे काय?”

मामा लुगड्याची घडी उलगडून परत घालायला लागला. म्हातारे कधी त्याच्याकडे तर कधी मायकडे पाहत होते.

मायचा अंगठा दबला. चौकट पुन्हा वरच्या ओळीपासून खाली निघाली. मी खुर्ची ओढली आणि मामेभावाला तिच्यासमोर बसवलं.

“बस,” मी म्हटलं. “टाइम लागते तिले. अन् मोठ्यानं वाच.”